होला – आपल्या अंगणांतला शेजारी

खळ्यावरची मळणी आटोपली म्हणजे मागें राहिलेले दाणे टिपावयास जे पक्षी जोडीजोडीनें उतरतात, त्यांत होला बहुधा असतोच. जें नित्य दिसतें त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. म्हणून आज आम्ही या गरीब पांखराची थोडी ओळख करून देतों.

होल्याच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकीं लहान तपकिरी होला कोरड्या मुलुखांत विशेष आढळतो. त्याची लांबी सुमारें १० इंच. तो पारव्याहून लहान व सडपातळ असतो. डोकें व मान गुलाबी छटेचीं, पाठ मातकट तपकिरी, आणि पंखांवर निळसर राखी पट्टा असतो. गळ्याच्या पुढल्या बाजूस तांबूस रंगावर काळे ठिपके असतात. हीच त्याची मुख्य खूण. ज्याच्या मानेमागें काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके दिसतात तो होला निराळा. त्यास दाट झाडी व ओलावा अधिक मानवतो.

बाभळी, निवडुंग, पडीक रानें व घरांच्या वळचणी हीं आपल्या होल्याचीं वसतिस्थानें होत. हिंदुस्थानाप्रमाणेंच अरबस्तान व आफ्रिका येथेंहि तो राहतो. त्याचा मंद, घुमणारा स्वर ऐकून इंग्रजांनीं त्यास 'हसरा होला' असें नांव दिलें.

त्याचें मुख्य अन्न गवताचें बीं व भुईवर सांडलेले दाणे. असें कोरडें अन्न खाणाऱ्यास पाणी लागतेंच. बहुतेक पक्षी चोंचींत पाणी घेऊन मान वर करितात; होला मात्र चोंच बुडवून एकसारखें पाणी ओढून घेतो.

त्याचें घरटें म्हणजे चार काटक्यांची विरळ मांडणी! तींत मादी दोन पांढरीं अंडीं घालते. नर व मादी दोघेंहि अंडीं उबवितात, व सुमारें दोन आठवड्यांत पिलें बाहेर येतात. मग आईबापांच्या गळ्याखालील अन्नाच्या पिशवींत चिकासारखा पांढरट पदार्थ तयार होतो. हें दूध केवळ मादीच नव्हे, तर नरहि पाजतो. एकाला गलोलीचा खडा लागला, तर दुसऱ्यावर सारा भार पडून पिलें उपाशी मरण्याचा संभव असतो. शिवाय वर्षांतील बहुतेक महिन्यांत त्याची वीण चालू असते. तेव्हां मारलेल्या होल्याच्या घरट्यांत पिलें नव्हतीं, असें कोणीं खात्रीनें म्हणावें?

"होले पुष्कळ आहेत, दोनचार मेले तर काय झालें?" असें कोणी म्हणेल. उत्तर अमेरिकेंत याच कुळांतील प्रवासी कबुतरांचे थवे एके काळीं आकाश झांकून टाकीत. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळें ते नाहींसे झाले; त्या जातीची शेवटची मादी ता. १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत मेली. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें होल्याच्या शिकारीस मनाई आहे. परंतु प्रत्येक बाभळीखालीं शिपाई उभा राहूं शकत नाहीं. तें काम घरांतील वडील माणसांचें.

वाचकहो, मुलांच्या हातांतील गलोल काढून घ्या, आणि उन्हाळ्यांत परळभर पाणी अंगणांत सावलीस ठेवा. होला तेथें येईल, व मुलेंच तुम्हांस त्याच्या गळ्यावरील ठिपके दाखवितील.