वळ उठू देऊ नका

इंदापुरात बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान चालवते. नेहमीची गिऱ्हाइकं इथली आणि बारामतीकडची. त्यांच्याकडून शिकले ते असं:

१. आमच्या आज्यांना वेगळी ‘बॉडी’, म्हणजे ब्रा, लागली नाही. खणाच्या चोळीला पुढे गाठ मारली की आधार मिळे. नऊवारीला परकरही नको. पाचवारी आली आणि तिच्यासोबत परकराची नाडी आली.

२. म्हणून कमरेच्या वळांचा आणि जखमांचा सगळा दोष नाडीला देऊ नका. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्कर बायकांची हकिगत छापली. कमरेवरची कातडी वर्षानुवर्षं घासली जाऊन जखम झाली, ती चिघळली आणि तिथे कर्करोग झाला. एक परकर घट्ट बांधणारी. दुसरी मात्र लुगडं नेसणारी, तिला परकर नव्हताच. धोतरामुळे होणारा असा कर्करोग मुंबईत कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच नोंदवला होता. हे क्वचितच घडतं. पण कमरेवरचा काळा पट्टा आणि खाज किती जणी मुकाट्याने सोसतात! नाडी रुंद घ्या, सैल बांधा, जागा बदलत राहा. जखम बरी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

३. “३६ द्या,” म्हणत येणाऱ्या ताईंचं ते माप बाळंतपणाच्या आधीचं असतं. छातीखालून टेप लावून पुन्हा मोजा. आधार पाठीच्या पट्ट्याने द्यायचा, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक सैलावलं की आतले हुक कामाला येतात. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात शिवणकाम करणाऱ्या मुली कपडा उलटा करून आधी शिवण बघतात. तसंच बघावं.

४. आता नववधू परकराऐवजी साडीचं शेपवेअर मागतात. नाडी नाही, चापूनचोपून नेसता येतं, साडी सुरेख दिसते. रिसेप्शनपुरतं जरूर घाला. पण वैशाखातल्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत ते अंगावर ठेवलं, तर घामाने कपडा चिकटतो, गजकर्णाला वाट मिळते. एक माप लहान घेऊन चरबी जात नाही, श्वास मात्र अडतो. असं माप मागितलं तर मी देत नाही.

५. हे कपडे साडीखाली लपवून वाळवू नका. दोरीवर, उघड्यावर, कडक उन्हात टाका. आणि सुनेला, लेकीलाही टाकू द्या.