पेन्शन आण्णांची, ओटीपी परक्याला

आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पूर्वी पेन्शन बँकेतून यायची. नोव्हेंबर आला की इस्त्रीचा शर्ट घालून ते मॅनेजरसमोर उभे राहायचे, सही करायचे, हयातीचा दाखला झाला! आता संरक्षण खात्याची पेन्शन ‘स्पर्श’ प्रणालीतून, थेट प्रयागराजहून येते. सोय झाली, नाही असं नाही. पण लॉगिनचा ओटीपी आणि दाखला पोचल्याचा निरोप, दोन्ही मोबाइलवर येतात. तो मोबाइलच गेला तर काय, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मधे आण्णा आजारी पडले आणि पुण्यात भावाकडे बरेच महिने राहिले. त्यांचा साधा फोन गावी ट्रंकेत पडून होता. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाला रिचार्ज कुठून आठवणार? ते गावी परतेपर्यंत कंपनीने नंबर काढून घेऊन दुसऱ्याला दिलाही होता. आम्हाला कळलं ते आण्णांच्या एका जुन्या सोबत्याकडून. त्याने तब्येत विचारायला फोन लावला, “जय हिंद, हवालदार साब!” म्हणाला, आणि पलीकडून कुणा पोराने “राँग नंबर” म्हणून फोन आपटला. सोबत्याने आम्हालाच झापलं, “नातवाला बोलायची रीत शिकवा.”

तो पोरगा कॉलेजात शिकणारा, सभ्य निघाला. पण आम्ही ओटीपी मागितला तेव्हा त्याने साफ नकार दिला, आणि बरोबरच केलं. कुणालाही ओटीपी देऊ नका, हे तर सरकारच दिवसरात्र बजावत असतं. कंपनीच्या काउंटरवर उत्तर मिळालं, “सिस्टीमने नंबर सोडला, आम्ही काय करणार?” इकडे दाखला जमा झाला की अडला, तेही कळेना. शेवटी पेन्शन थांबली. पुढे थकबाकीसह मिळाली, पण मधल्या काळात औषधांचे पैसे भावाने भरले, आणि आण्णांना तेच जास्त लागलं.

नियम काय, ते नंतर नीट वाचलं. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. मात्र खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर बंद करता येत नाही. जास्तीत जास्त 20 रुपये कापून त्याला आणखी 30 दिवस मिळतात. हा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा 2013 सालचा नियम. जानेवारी 2025 मध्ये तो नवा असल्यासारखा बातम्यांत फिरला, यावरून तो किती जणांना ठाऊक होता ते समजा. बंद केलेला नंबर पुन्हा वाटण्याआधी किमान 90 दिवस राखून ठेवतात. आजारी म्हाताऱ्याला तेवढे दिवस पुरत नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसच्या प्लॅनना 365 दिवसांपर्यंत मुदत द्यायला परवानगी दिली. साधा फोन वापरणाऱ्या पेन्शनदारासाठी दुकानात तोच मागा. दुकानदार आधी डेटाचाच प्लॅन पुढे करेल.

1885 च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी दूरसंचार कायदा, 2023 आला. त्याच्या 28 व्या कलमात नको असलेले संदेश, संमती, तक्रार असं ग्राहकसंरक्षण आहे. माजी सैनिकासाठी वेगळा शब्द नाही. अमेरिकेत सैनिकांच्या 2003 च्या कायद्यात फोनचं स्वतंत्र कलम आहे. फोनसेवा पोचत नाही अशा ठिकाणी किमान 90 दिवसांसाठी जाण्याचा हुकूम निघाला, तर सैनिक दंड न भरता करार मोडू शकतो. ही बदली तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल, तर ती संपल्यापासून 90 दिवसांत पुन्हा जोडणी घेऊन जुनाच नंबर मागू शकतो. पण तेही कलम सेवेतल्या सैनिकासाठी आहे. ज्या वयात नंबर जपायला दुसऱ्याची मदत लागते, त्या वयासाठी तिथेही काही नाही.

आपल्याकडे असा मसुदा कधी लिहिला गेला तर माझी मागणी एकच: पेन्शनला जोडलेला नंबर पेन्शन कार्यालयाला विचारल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नये. हे अवघड नाही. कायमचे बंद झालेले नंबर एका यादीत असतात, आणि खातेदारांचे नंबर त्या यादीशी ताडून पाहा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सांगितलंच आहे. तीच सक्ती पेन्शनला लागू करा.

कायदा होईल तेव्हा होईल. तुमच्या घरी असा प्रसंग आला तर क्रम चुकवू नका. आधी पेन्शनदाराच्याच नावावर नवं सिम घ्या. मग आधार, त्यानंतर बँक, मग ‘स्पर्श’. आधारवर मेलेला नंबर राहिला तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर गाडी अडते. ‘स्पर्श’च्या सेवा केंद्रात पेन्शनचा आदेश (पीपीओ), आधार आणि पासबुक घेऊन स्वतः पेन्शनदाराला न्या. वाट समजत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आमची गाठ तिथल्या कारकुनाशी पडली, तोही माजी सैनिकच. त्याने अर्ज स्वतः लिहून दिला. नोंदीत भाच्याचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नंबर पडला असेल, आणि तो पुष्कळांचा पडलेला असतो, तर आजच बदला.

आणि पती गेलेल्या बायकांनी एक ध्यानात ठेवावं. पतीचं सिम घाईने मोडीत काढू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन तो नंबर आपल्या नावावर करून घेता येतो. कुटुंब निवृत्तिवेतनाची कामं मार्गी लागेपर्यंत निरोप त्याच नंबरवर येत राहतात, म्हणून तोवर त्याचा रिचार्ज संपू देऊ नका.