शाळेच्या जुन्या डीव्हीडी मोबाइलवर चालतील अशा करायच्या आहेत? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा



तुमच्याही शाळेच्या कपाटात गॅदरिंगच्या डीव्हीडींची चळत असेलच. घरी लग्नाची, बारशाची, मुंजीची असेल. आता घरात ना प्लेअर उरलाय, ना नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह येतो. त्यामुळे या डिस्कच्या साध्या व्हिडिओ फाइल करून ठेवायला हव्यात, हे सगळ्यांना पटतं. पण कोणत्या सॉफ्टवेअरने करायच्या, हे आपण गूगलवर जे पहिलं दिसेल त्यावर सोडतो. मीही तसंच केलं होतं.

2016 ची गोष्ट. शाळेत 2008 पासूनच्या डीव्हीडी होत्या. मी एक 'फ्री' सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात 'मोबाइलसाठी, सर्वात लहान' असं एक बटण होतं. ते दाबलं आणि दोन तासांचं अख्खं गॅदरिंग साडेतीनशे एमबीत बसलं! मला तर कोण आनंद झाला. पहिल्या तीन वर्षांच्या फाइल झाल्या, त्या पेनड्राइव्हवर टाकल्या आणि त्या तीन डिस्क अडगळ म्हणून काढून टाकल्या. बाकीच्या डिस्क वेळ मिळेना म्हणून तशाच राहिल्या. माझ्या आळसाचा एवढा उपयोग आजवर कधी झाला नव्हता.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थिनी घरी आली. तिचे वडील दरवर्षी आमच्या गॅदरिंगला ढोलकी वाजवायचे, एक रुपया न घेता. ते आता नाहीत. "बाई, पप्पांचं वाजवणं कुठंच रेकॉर्ड नाही. शाळेकडं काही असेल का?" मी उत्साहाने 2008 ची फाइल लावली. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात ते बसलेले होते. होते म्हणजे, पांढऱ्या शर्टाचा एक ठिपका होता आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी तपकिरी ठिपका. पोरगी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हेच असतील ना?"

आता मूळ मुद्द्याकडे येते. व्हिडिओ लहान करणं म्हणजे कपड्याची घडी घालणं नव्हे, की उलगडली की पूर्वीसारखा. त्यात माहिती कायमची कमी होते. साडेतीनशे एमबीच्या फाइलमधून तो चेहरा कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना फाइल किती लहान होते हे पहिलं बघू नका. काय आणि किती कमी करायचं हे ते तुम्हाला ठरवू देतं का, ते बघा.

थोडं आकड्यांत सांगते. साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतं (कॉम्प्युटर ते 4.37 दाखवतो, घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे). आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं आणि सेकंदाला 25 फ्रेमचं असतं. त्यात वापरलेली एमपेग-2 ही पद्धत 1990 च्या दशकातली. तिच्यानंतरची एच.264 पद्धत तेच चित्र बऱ्याच कमी जागेत ठेवते. म्हणूनच दोन तासांची डिस्क एक-दीड जीबीत आली तरी डोळ्याला फरक जाणवत नाही. साडेतीनशे एमबीच्या हट्टासाठी मात्र माझ्या त्या सॉफ्टवेअरने चित्रच 320 बाय 240 चं करून टाकलं होतं. म्हणजे दर पाच ठिपक्यांतले चार गेले.

मी सध्या हँडब्रेक वापरते आणि तेच सुचवते. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. चालत्या चित्रावर स्वतःचं नाव छापत नाही. बाजारातल्या कित्येक सॉफ्टवेअरची 'ट्रायल' मधोमध मोठा शिक्का मारते किंवा पहिली काही मिनिटंच करून पैसे मागते, आणि हे आपल्याला सगळं काम झाल्यावर कळतं! हँडब्रेक उतरवताना फक्त त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या, हँडब्रेक डॉट एफआर. 2017 च्या मे महिन्यात त्यांच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर कुणीतरी मॅकसाठीची व्हायरसवाली फाइल ठेवली होती, तर इतर साइटवर काय मिळत असेल याचा विचार करा. नव्या आवृत्तीला विंडोज 10 किंवा पुढचं लागतं. शाळेतल्या विंडोज 7 च्या मशीनवर डोकं फोडू नका, कुणाचा तरी लॅपटॉप आणि यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह दोन दिवस मागून घ्या.

व्हीएलसी, म्हणजे तो भगव्या-पांढऱ्या शंकूवाला प्लेअर, यातही फाइल बदलायची सोय आहे. डिस्क चालते का हे बघायला मी आधी व्हीएलसीच लावते. पण रूपांतरासाठी तो मला पटला नाही, आवाज आणि ओठ दोनदा पुढेमागे झाले. एफएफएमपेग हे फारच ताकदवान, पण त्याला खिडकी नाही, बटण नाही, सगळ्या आज्ञा टाइप करायच्या. शाळेत संगणकाची आवड असलेला सहकारी असेल तर त्याच्याकडे द्या.

हँडब्रेकमध्ये डिस्क थेट लावू नका. आधी डिस्कवरचं 'व्हिडिओ_टीएस' हे फोल्डर जसंच्या तसं हार्डडिस्कवर कॉपी करा. जुनी डिस्क ड्राइव्हमध्ये तासन् तास फिरवण्यापेक्षा एकदाच वाचलेली बरी. कॉपी अडकली तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग त्या ड्राइव्हऐवजी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. आमची 2011 ची डिस्क एका ड्राइव्हने वाचलीच नाही, दुसऱ्याने सुरळीत वाचली.

फोल्डर हँडब्रेकमध्ये उघडलं की 'टायटल'ची यादी दिसते. सर्वात लांब टायटल ते आपोआप निवडतं. इथे फसायला होतं, कारण व्हिडिओवाल्याने नाटुकलं, नाच, बक्षीस समारंभ असे वेगवेगळे टायटल केले असतील तर बाकीचे राहून जातात. यादी उघडून सगळे रांगेत टाका. प्रीसेटमध्ये 'फास्ट 576पी25' निवडा. मोठ्या आकड्याचा, 1080 वगैरेचा मोह नको. डिस्कमध्ये जे नाही ते त्यातून येणार नाही.

क्वालिटीची पट्टी असते तिला आरएफ म्हणतात. ती उलटी चालते, आकडा कमी तर चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी 18 ते 22 च्या मध्ये राहा. मी 20 ठेवते, आणि ज्यात माणूस महत्त्वाचा आहे त्याला 18. एच.265 ने फाइल आणखी लहान होते, पण शाळेतल्या जुन्या टीव्हीवर ती लागलीच नाही. एमपी4 आणि एच.264 जवळपास सगळीकडे चालतं.

आणखी एक सेटिंग, जी मला लेझीमने शिकवली. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र एक ओळ सोडून एक ओळ असं दोन हप्त्यांत टिपलेलं असतं. कॉम्प्युटरवर बघताना जोरात हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस किंवा डीकोम्ब चालू आहे ना, ते बघा. उभ्या राहून भाषण करणाऱ्या पाहुण्यांवर हे कळत नाही. म्हणून आधी लेझीमचा किंवा नाचाचा एक मिनिटाचा तुकडा करून बघा. तो मोठ्या पडद्यावर लावा, मोबाइलवर सगळंच छान दिसतं.

सिनेमांच्या विकतच्या डीव्हीडीबद्दल पालक विचारतात. त्यांना बहुधा कुलूप असतं आणि हँडब्रेक ते तोडत नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65अ आलं. हक्क डावलण्याच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. आपल्या गॅदरिंगच्या डिस्कला कुलूप नसतं, तेवढ्याच करा.

2011 चं गॅदरिंग आरएफ 18 वर दीड जीबीच्या थोडं वर गेलं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा मोह आवरला, कारण तिथे व्हिडिओ पुन्हा दाबला जातो. पेनड्राइव्हवर दिलं. त्यात ढोलकी वाजवता वाजवता ते मुलांकडे बघून मान डोलावतात, ते स्पष्ट दिसतं. एका मुलीचा ठेका चुकला, तेव्हा हसतातही. ती चुकणारी मुलगी हीच होती, हे तिने मला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं.

उरलेल्या डिस्कची मूळ फोल्डरं आता दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आहेत, एक शाळेत, एक माझ्याकडे. डिस्कही कपाटातच आहेत. 2008, 2009 आणि 2010 ची मूळ डीव्हीडी त्या वर्षांतल्या कुणा पालकाने घेतली असेल, तर शोधते आहे.