ईसी (विद्युत वाहकता) मीटर बागेत वापरताना

काय करावे

• बोअरचा पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, मगच नमुना घ्या. आधी येते ते पाइपात साचलेले पाणी.
• बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, त्याच दिवशी मोजा.
• मापनासाठी प्लास्टिकची किंवा काचेची वाटी वापरा, स्टीलची नको.
• १४१३ मायक्रोसायमनच्या प्रमाण द्रावणात मीटर नियमित जुळवा; खताचे दाट पाणी मोजत असाल तर १२.८८ मिलिसायमनची बाटलीही जवळ ठेवा.
• मीटरचे टोक डिस्टिल्ड वॉटरने धुवा, झटका, मग मोजायच्या पाण्यात एकदा खळखळवून ते पाणी ओतून द्या.
• बुडवल्यावर मीटरला हलकी टिचकी मारा. आत अडकलेला बुडबुडा आकडा खाली ओढतो.
• आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. मीटर तापमानाचा हिशेब धरत नसेल तर नमुना २५ अंशांवर आणा, कारण दर अंशाला सुमारे २ टक्के फरक पडतो.
• एकक वाचा: १ डेसी सायमन प्रति मीटर म्हणजे १००० मायक्रोसायमन प्रति सेंमी. (शेजाऱ्याचे १.२ आणि तुमचे १२०० हे एकच पाणी असू शकते, वाद घालू नका.)
• आधी नुसत्या पाण्याची ईसी मोजा, मग खत मिसळल्यावरची. वजाबाकी उरते ती खताची.
• शेवटच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरखालीही वाटी ठेवा. झाडाला मिळते ते तिथले पाणी, टाकीतले नव्हे.
• सामूही (पीएच) मोजायचा असेल तर ईसी आधी मोजा. सामूच्या कांडीतून पोटॅशियम क्लोराइड झिरपते.
• मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा मोजा. तारीख व बोअर वहीत लिहा.
• ईसी २.२५ डेसी सायमनच्या वर गेली तर नव्या लागवडीआधी पाणी आणि माती दोन्ही प्रयोगशाळेत पाठवा.
• टोकावर पांढरा थर दिसला तर पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा, धुवा आणि मीटर पुन्हा जुळवा.

काय टाळावे

• वाटीत ओतलेले प्रमाण द्रावण बाटलीत परत टाकू नका. एवढ्याशा कंजूषपणाने सगळी बाटली वाया जाते.
• टोकाला बोट लावू नका, घामातही मीठ असते.
• टोक कापडाने किंवा ब्रशने घासू नका. काळा प्लॅटिनमचा मुलामा असेल तर तो कायमचा जातो.
• टोक वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकवू नका.
• खताच्या मूळ द्रावणात मीटर बुडवू नका. आधी ठरलेल्या पटीत पातळ करा.
• युरिया किती गेला हे ईसीवरून ठरवू नका. युरियाचे आयन होत नाहीत, आकडा हलतच नाही.
• ईसी कमी म्हणजे पाणी चांगले, असे धरू नका. सोडियम आणि बायकार्बोनेट वेगळे तपासावे लागतात, आणि काळ्या चिकण जमिनीत त्यांचाच त्रास जास्त.
• टीडीएस पेनचा पीपीएम आकडा ईसीच्या तक्त्याला लावू नका, कोणी ०.५ ने गुणतो, कोणी ०.७ ने.
• मातीच्या १:२.५ द्रावणाचा आकडा संपृक्त अर्काच्या मर्यादेशी ताडू नका. द्राक्षासाठी सांगितली जाणारी १.५ डेसी सायमन ही मर्यादा संपृक्त अर्काची आहे.
• एकाच मापावर खताचे वेळापत्रक बदलू नका, तीनदा मोजा.
• बॅटरी उतरल्याची खूण दिसत असताना मोजू नका.
• ईसी आणि सामूचे जोडमीटर कोरडे ठेवू नका. नुसते ईसीचे असेल तर धुऊन कोरडे ठेवलेले चालते.
• मीटर मोटारसायकलच्या डिकीत किंवा पंपघराच्या उन्हातल्या खिडकीत ठेवू नका.