डबा साफ करणारीला विचारा

बोका पुन्हा पुन्हा लिटरच्या डब्यात जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लिटर मात्र कोरडंच, असं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा बराच अरुंद असतो. त्यात बारीक खड्यांचा किंवा चिकट गाळाचा बूच बसला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आमचा गुंड्या गेला तेव्हा मला यातलं अर्धंमुर्धंच माहीत होतं, पण तेवढंही पुरलं असतं. कमी पडली ती माझ्या शब्दाची किंमत.

मांडीवर घ्यायला, फोटो काढायला, पाहुण्यांना दाखवायला गुंड्या सगळ्या घराचा होता. त्याची शी-शू तेवढी सुनेची. रोज सकाळी लिटरमध्ये लिंबाएवढे ओले गोळे निघायचे. गौरी जेवणाच्या दिवशी एकही निघाला नाही. लिटर ओतलं तसंच होतं, फक्त पंजांनी उकरलेलं. मी ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पोट साफ झालं नसेल, दुपारनंतर बघू." नवरा म्हणाला, "सवाष्णी जेवायला येणार, पोळ्या कोण लाटणार?" धाकट्या दिरांनी तापाची अर्धी गोळी द्यायला सुचवलं. ती गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला ती निकामी करता येत नाही आणि एवढ्याशा मात्रेनेही मांजर दगावू शकतं. ती तेवढी मी देऊ दिली नाही.

माहेरवाशिणीचा सण! दोन मुखवट्यांपुढे सोळा भाज्यांचं ताट वाढायचं, लेक माहेरी आली म्हणून तिचे लाड करायचे, आणि घरातल्या हाडामांसाच्या बाईने तासभर बाहेर पडायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. हळदीकुंकू आटोपलं तेव्हा कुठे गाडीची किल्ली खुंटीवरून निघाली.

डॉक्टरांनी गुंड्याचं पोट चाचपलं. मूत्राशय चेंडूसारखं टणक झालं होतं. (घरी दाबून बघायच्या फंदात पडू नका, ते फुटू शकतं.) त्यांनी नवऱ्याला विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. डबा कुठल्या कोपऱ्यात असतो, एवढंच त्याला ठाऊक. गाडी त्याची, पैसे त्याचे, जायचं की नाही हेही तोच ठरवणार. उत्तर मात्र माझ्यापाशी होतं आणि ते सकाळपासून मी सांगत होते. भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. पहाटे गुंड्या गेला.

विसर्जनाच्या दिवशी मी रडत होते तर "मांजरच तर होतं," आणि त्याला जोडून, अगदी हळू आवाजात, "पोटचं मूल असतं तर असं वेड लागलं नसतं." परसात खड्डा नवऱ्याने खणला. कुदळ टेकवून तो एकदम थांबला, डोळे पुसायला लागला, तर सासरे म्हणाले, "बाप्या माणूस ना तू?" त्याने तिथेच आवरलं आणि पुढे कितीतरी दिवस तो सगळ्यांवर खेकसत होता. त्याचं दुःख दिसल्यावर माझा त्याच्यावरचा राग थोडा कमी झाला. सगळा गेला, असं मी म्हणणार नाही.

"रिक्षाने गेली असतीस," असं मला मैत्रिणी सांगतात. सणाच्या दिवशी उंबरा ओलांडून गेलेल्या सुनेला पुढे वर्षभर काय काय ऐकावं लागतं, हे त्यांनाही माहीत असतं. तरीही सांगते, जा. पोळ्या कोणीतरी लाटेल, नाहीतर विकतच्या येतील. जनावर पाळलंय ना, मग रात्री आणि सणासुदीला कुठला दवाखाना उघडा असतो ते आत्ताच विचारून ठेवा. झाकणाची टोपली हाताशी असू द्या आणि थोडे पैसे असे ठेवा, ज्यांचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही. बोक्याला नुसतं कोरडं खाणं घालत असाल तर ओलं खाणं सुरू करा, पाण्याची भांडी वाढवा. आणि एकदा अडलेला बोका पुन्हा अडू शकतो, तेव्हा बरा झाला म्हणून गाफील राहू नका.

रडायचं झालं तर कोणाची परवानगी मागू नका. नवऱ्याला, भावाला, मुलालाही रडू द्या; त्यांना गप्प करणाऱ्यालाच गप्प करा.

आमच्याकडे आता दुसरं मांजर आणायचं घाटतंय. डबा आठवड्यातले निम्मे दिवस नवऱ्याने साफ करायचा, ही माझी अट आहे. अजून होकार आलेला नाही, म्हणून मांजरही आलेलं नाही.