रिबाउंड घेणाऱ्या मुलाला संघात कुठे उभे करावे?



शाळेच्या बास्केटबॉल संघाची निवड झाली की दरवर्षी एक प्रश्न आमच्या खोलीपर्यंत येतोच. अमक्याने सराव सामन्यात चारच गुण केले, तरी तो पहिल्या पाचांत. आमच्या मुलाने बारा केले, तो बाकावर. हे कसे? यंदा हा प्रश्न आठवीतल्या एका उंच फॉरवर्डवरून आला. हा मुलगा बास्केट फारशी करीत नाही, पण हुकलेला चेंडू बहुधा त्याच्याच हाती सापडतो. त्याच्या वडिलांची काळजी निराळीच होती : नुसते चेंडू पकडून याचे पुढे काय होणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानावर पाच खेळाडू असतात : साधारणतः दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. शॉट हुकून चेंडू परत आला की तो ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. या शब्दाला हिंदीतही आणि मराठीतही प्रतिशब्द शोधून पाहिला. पण मैदानावर मुले रिबाउंडच म्हणतात, तेव्हा तोच ठेवला.) प्रतिस्पर्ध्याच्या हुकलेल्या शॉटवर मिळतो तो बचावाचा रिबाउंड, आपल्याच शॉटवर मिळतो तो आक्रमणाचा. बचाव करणारा रिंगच्या अधिक जवळ उभा असतो, त्यामुळे मोठ्या स्पर्धांतही दहापैकी सात-आठ रिबाउंड बचावाकडेच जातात. आक्रमणाचा एक रिबाउंड म्हणजे संघाला फुकटची दुसरी संधी. म्हणून या दोन्हींची बेरीज करून आकडा सांगणे आम्हाला पटत नाही.

तसेच, किती मिनिटांत किती, हे पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत डेनिस रॉडमन १९८६ साली डेट्रॉईट संघात आला. त्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक २७ वा होता. पहिल्या मोसमात त्याचे सरासरी रिबाउंड फक्त ४.३. आकडा सामान्य वाटतो. पण तो सामन्यात १५ मिनिटेच खेळत होता. ३६ मिनिटांच्या हिशेबाने तेच १० च्या वर जातात!

आता मुख्य उदाहरण. केनेथ फरीड हा केंटकी राज्यातल्या मोरहेड स्टेट या लहानशा विद्यापीठाचा फॉरवर्ड. चार वर्षांत त्याने १६७३ रिबाउंड घेतले आणि १९७३ नंतरच्या काळातला टिम डंकनचा १५७० चा महाविद्यालयीन विक्रम मोडला. मार्च २०११ मध्ये त्याच्या संघाने बलाढ्य लुईव्हिलला ६२-६१ असे हरवले. त्या सामन्यात त्याचे १७ रिबाउंड होते, आणि शेवटचा शॉटही त्यानेच अडवला. त्याच वर्षी डेन्व्हर संघाने त्याला २२ व्या क्रमांकावर घेतले. पहिल्याच मोसमात २२.५ मिनिटांत ७.७ रिबाउंड, म्हणजे ३६ मिनिटांना १२ पेक्षा जास्त. २०१२-१३ मध्ये डेन्व्हरने ८२ पैकी ५७ सामने जिंकले. तो संघ पळणारा होता आणि फरीडही पळणारा होता. २०१४ च्या विश्वचषकात सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या संघात तो होता, आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाचांतही त्याची निवड झाली.

पण २०१८ मध्ये डेन्व्हरने त्याला सोडले, आणि २०१९ नंतर तो एनबीएमध्ये खेळला नाही. रिबाउंड घ्यायचे तर तो विसरला नव्हता. मग बिघडले काय?

बदलला तो खेळ. संघ आपले चार-चार खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे करू लागले. फरीडला दुरून शॉट नव्हता. असा फॉरवर्ड बाहेर उभा राहिला तर त्याच्यावरचा खेळाडू त्याला सोडून सरळ रिंगखाली जातो, आणि आपल्याच सोबत्यांची वाट अडते. सेंटर करावे, तर सहा फूट आठ इंच उंची त्या जागेला कमी पडे. तरीही जानेवारी २०१९ मध्ये ह्यूस्टनने त्याला घेतले तेव्हा २५ सामन्यांत त्याने सरासरी १२.९ गुण आणि ८.२ रिबाउंड केले. कारण तिथे त्याच्याभोवती दुरून नेम मारणारे होते आणि रिंगखालची जागा त्याला मोकळी मिळाली. मुलगा तोच, सोबतचे चार बदलले.

रॉडमनलाही शॉट नव्हता. कारकिर्दीत त्याची सरासरी ७.३ गुणांची. उंची फरीडपेक्षा इंचभर कमीच. मात्र समोर चपळ गार्ड येवो की धिप्पाड सेंटर, तो त्याला रोखू शके. १९९० आणि १९९१ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला, पुढे सलग सात मोसम रिबाउंडच्या सरासरीत पहिला राहिला आणि एकूण पाच विजेतेपदांत त्याचा वाटा होता. काळ वेगळा होता हे खरे, तरी आमच्या मते या दोघांतला मोठा फरक बचावाचा आहे. रॉडमनचा सहकारी आयझाया थॉमस याने सांगितले आहे की, सरावात सोबत्यांच्या शॉटचा चेंडू हवेत किती गिरक्या घेतो हेसुद्धा रॉडमन मोजत असे. (त्याचे रंगवलेले केस आणि मैदानाबाहेरचे वागणे मुलांनी उचलू नये, ही मुख्याध्यापकांची वेगळी सूचना समजावी.)

आता आपल्या मुलाकडे येऊ. आठवीत ज्याची उंची लवकर वाढते त्याला रिबाउंड फुकट मिळतात. दहावीत बाकीची मुले त्याला गाठतात. म्हणून आम्ही त्याची उडी पाहिली नाही, पाय पाहिले. शॉट सुटताच तो आधी मागच्या खेळाडूला पाठीने अडवतो, मग वर पाहतो. ही सवय उंचीवर अवलंबून नाही. बाजूने मारलेला शॉट हुकला तर चेंडू पुष्कळदा पलीकडच्या बाजूला जातो, हेही त्याला उमगले आहे. तो तिथे आधीच असतो. पण बाहेर पळणाऱ्या गार्डला रोखताना त्याचे पाय अडखळतात, आणि चेंडू हातात आल्यावर तो घाईने कुणाच्याही दिशेने फेकतो.

तेव्हा क्रीडाशिक्षकांशी बोलून ठरले ते असे. यंदा तो पहिल्या पाचांत राहील, पण सोबत किमान तीन चांगले नेमबाज असतील तेव्हाच. आपला दुसरा उंच मुलगाही शॉट मारत नाही. या दोघांना एकत्र उतरवायचे नाही, एक आला की दुसरा बाकावर. बारा गुणवाला मुलगा याच जोडणीत दुसऱ्या क्वार्टरपासून खेळेल, कारण त्याच्या हुकलेल्या शॉटला पकडणारा कोणीतरी हवाच. वडिलांना विनंती की घरी "गुण किती केलेस?" हे तूर्त विचारू नये. रोज फ्री थ्रो रेषेवरून पन्नास शॉट आणि बाजूला सरकत पळण्याची पंधरा मिनिटे, एवढे मात्र पाहावे. रिंगखाली खेळणाऱ्याला धक्के बसतात आणि फ्री थ्रो मिळतात. ते वाया जाऊ नयेत.

नववीच्या विद्यार्थ्यांना एक काम. पुढच्या सराव सामन्यात वहीत प्रत्येक खेळाडूपुढे पाच रकाने आखा : खेळलेली मिनिटे, बचावाचे रिबाउंड, आक्रमणाचे रिबाउंड, रिबाउंडनंतर नीट दिलेला पास, आणि त्याच्यासमोरच्या खेळाडूने केलेले गुण. आकडे ३६ नव्हे, २० मिनिटांच्या हिशेबात काढा, कारण आपली मुले साधारण तेवढीच खेळतात. वही सोमवारी क्रीडाशिक्षकांकडे द्यावी. शेवटचा रकाना रिकामा सोडू नये, तोच भरायला सगळ्यांत अवघड जाईल.