पुढे पाठवणारी माणसं

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे कळमनुरी तालुक्यात झालं. पाठोपाठ सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्या वर्षात गावच्या उपकेंद्रापासून नांदेडपर्यंत दवाखान्यातली नाना तऱ्हेची माणसं जवळून पाहिली. त्यातून उमगलेलं थोडं.

१. सगळ्यात जवळच्या माणसाचं शिक्षण सगळ्यात थोडं असतं, आणि पहिला निर्णय मात्र त्याच्यावरच येऊन पडतो. दवाखान्यातून बाळ घरी आल्यावर गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आमच्या आशाताई, ठरल्या दिवशी येत राहिल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटी बेचाळिसावा. सातव्या दिवशी त्यांनी हात धुतले, झोळीत घालून बाळाचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला. मग झबलं वर करून, घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. साठाच्या वर गेले, तेव्हा पुन्हा मोजले. "मावशी, आत्ताच निघा. काय झालंय ते डॉक्टर सांगतील, पण थांबू नका." बाळ चार दिवसांत बरं होऊन घरी आलं. हे श्वास मोजणं खेड्यातल्या बायकांना शिकवता येतं, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत दाखवून दिलं होतं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीच विद्या पुढे आशांच्या प्रशिक्षणात आली. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते आशाताईंनी आजाराला नाव न देणं. आपलं काम कुठे संपतं हेही त्यांना शिकवलेलं होतं. अशा बाईला आपण पगार देत नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला देतो, याचा मला मनापासून राग येतो.

२. सगळ्या सिस्टर सारख्याच शिकलेल्या नसतात. उपकेंद्रातली आरोग्यसेविका दोन वर्षांचा एएनएम कोर्स करून आलेली असते. साधारण पाच हजार लोकवस्तीचं, आदिवासी भागात तीन हजारांचं लसीकरण आणि गरोदर बायांची तपासणी ती सांभाळते. वॉर्डातल्या सिस्टर तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलेल्या. सासूबाई पाणी मागत होत्या, माझा हात तांब्याकडे गेला, तेव्हा एका तरुण सिस्टरनं मला थांबवलं. "आजीला गिळता येतंय का ते आधी बघू." अर्धांगवायूत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांचा राउंड उरकतो. कूस बदलायला रात्रभर येतात त्या सिस्टरच.

३. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, हे मला ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. आमच्यासोबत आलेले डॉक्टर बीएएमएस होते. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप, कालावधी एमबीबीएसइतकाच, शास्त्र मात्र वेगळं. वाटेत त्यांनी रक्तदाब आणि साखर पाहिली, आणि झटका नेमका किती वाजता आला हे मला दोनदा विचारून लिहून घेतलं. पुढच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तीच वेळ हवी होती.

४. औषध देणाराही वाचतो. औषधनिर्मात्यानं जुनी आणि नवी चिठ्ठी शेजारी ठेवली. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी आली होती. त्यानं स्वतः काही बंद केलं नाही, डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं.

५. जीव वाचणं वेगळं आणि उठून न्हाणीपर्यंत जाणं वेगळं. दुसरं काम फिजिओथेरपिस्टचं. त्या मुलीनं सासूबाईंना खाटेच्या कडेला नुसतं बसायला शिकवण्यात कितीतरी दिवस घालवले. आम्हाला ते काहीच न घडण्यासारखं वाटे. पण बसताना तोल सांभाळता आल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, हे तिला माहीत होतं.

६. डॉक्टर घडायला वेळ लागतो, आणि आमच्या जिल्ह्याला तर सुरुवातीचीच वाट पाहावी लागली. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं २०२४ मध्ये, शंभर जागांचं. तिथली पहिली मुलं इंटर्नशिप संपवून बाहेर पडतील तोवर हे दशक संपत आलेलं असेल, आणि त्यापुढे तज्ज्ञ व्हायचं तर आणखी तीन वर्षं. पण एक चांगलं आहे. आता एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासूनच खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जावं लागतं. ती आमच्या भागात आली, तर कुठल्या घरात ओली बाळंतीण आहे आणि कुठलं कुटुंब ऊसतोडीला गेलंय, हे त्यांना आशाताईच सांगतील.